नमस्कार आणि सही

दिवाळी अंकात व्यायामावर लिहावयाचे म्हणजे जेवणाच्या पंगतीत उपासाचे माहात्म्य सांगण्यासारखे आहे. चकलीचा डबा उघडा पडलेला, अनारशांचे ताट हाताशी, आणि अशा वेळी कोणी जोर-बैठकांची गोष्ट काढली, तर घरातील वडील मंडळीसुद्धा ‘पाहू पुढे, भाऊबीज तर होऊ द्या’ म्हणून पान उलटतील, हे मी जाणून आहे. परंतु वाचकांनी एवढे ध्यानात घ्यावे की, दिवाळीची सुरुवात फराळाने होत नाही, ती अभ्यंगाने होते. पहाटे उठावयाचे, अंगभर तेल जिरवून घ्यावयाचे, सांधा न् सांधा चोळून मोकळा करावयाचा आणि मग ऊनऊन पाण्याने नाहावयाचे. तालीम आणि देवघर या दोघांनाही सारखाच मान्य असलेला हा विधी आहे. तेव्हा शरीराची आठवण काढण्यास हा मुहूर्त अगदीच वाईट नाही.

हा विषय मनात घोळू लागण्यास कारण झाले ते शाळांतून अलीकडे पडलेल्या एका प्रघाताचे. मुलांनी आणि त्यांच्या घरच्यांनी मिळून इतके दिवस, रोज इतका वेळ काही ना काही हालचाल करावयाची. चालावे, धावावे, दोरीवरच्या उड्या माराव्यात, सूर्यनमस्कार घालावेत. आणि तसे केल्याची नोंद एका कागदावर करून शेवटच्या रकान्यात पालकांची सही आणावयाची, असे ते आव्हान असते. २९ ऑगस्ट २०१९ रोजी, म्हणजे हॉकीचे जादूगार ध्यानचंद यांच्या जन्मदिनी, केंद्र सरकारने ‘फिट इंडिया’ची चळवळ सुरू केली आणि तिच्या पाठोपाठ शाळांचे व्यायामसप्ताहही आले. पुष्कळांना हे सारे अगदी नवे वाटते. काहींना ते परदेशातून आलेले खूळ वाटते. मला मात्र तो कागद पाहिला की आमच्या वऱ्हाडाचा आणि महाराष्ट्राचा शंभर वर्षांचा इतिहास आठवतो. आणि त्या इतिहासाने विचारलेला एक प्रश्न अजून कोणी सोडविलेला नाही, असेही वाटते.

आमचे कळंब हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे गाव, वर्धा-यवतमाळ रस्त्यावरचे. अबुल फजलाच्या ‘ऐन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये कळंबचे नाव आढळते, म्हणजे एके काळी येथून पुष्कळ मुलुखाचा सारा वसूल होत असे. आज गावाची ओळख आहे ती चिंतामणीच्या देवळामुळे. इतर ठिकाणी देवाकडे चढून जावे लागते, आमच्या चिंतामणीकडे पायऱ्या उतरून जावे लागते. देऊळ जमिनीच्या पोटात आहे आणि समोर कुंड. या पायऱ्या उतरणाऱ्या आणि चढणाऱ्या माणसास व्यायाम वेगळा शिकविण्याचे कारण नाही, असे आमच्याकडचे म्हातारे थट्टेने म्हणत. थट्टा सोडली तरी त्यात अर्थ होता. कपाशीच्या मुलखातले हे गाव. डवरणी, निंदण, वेचणी ही कामे वाकूनच करावयाची. पाण्याला विहिरीवर जावयाचे. बाजाराला पायी यावयाचे. ज्याचे शरीर दिवसभर राबते त्याला ‘अंग हलव’ असे सांगणे हा एक प्रकारचा अपमानच होय. मग व्यायामाची गरज कोणाला भासली, केव्हा भासली, आणि ती शाळेत कशी शिरली?

शाळेच्या आधी तालीम होती, हे सर्वांस ठाऊक आहे. मारुतीचे देऊळ आणि त्याच्या शेजारी लाल मातीचा आखाडा ही जोडी महाराष्ट्रात जुनी. परंपरा तिचा धागा समर्थ रामदासांशी नेऊन जोडते. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाची विद्या नव्याने उभी केली, असे सांगतात; कुस्तीत प्रतिस्पर्ध्याच्या जागी एक खांबच उभा करावा, ही कल्पना ज्याला सुचली त्याच्या बुद्धीचे कौतुक करावे तेवढे थोडे. नागपंचमीला कुस्त्यांची दंगल, पोळ्याला बैलांमागे धावणे, एरवी आट्यापाट्या, हुतूतू, विटीदांडू, लगोऱ्या असा मुलांचा बारमाही अभ्यासक्रम कोणत्याही खात्याच्या मंजुरीवाचून चालत असे.

पण या जुन्या तालमीचे गुण गाताना तिचे दार किती अरुंद होते, हे विसरून चालणार नाही. तेथे बायकांना प्रवेश नव्हता हे तर उघडच. जातीचा उंबरठाही पुष्कळ ठिकाणी होता. ज्याला पाणवठ्यावर पाणी भरू देत नाहीत त्याला आखाड्याच्या मातीत तरी कोण अंग लावू देणार? १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला आणि त्याच काळात समता सैनिक दल उभे राहिले. दलित तरुणांनी आपली शिस्त, आपली लाठी आणि आपले आखाडे स्वतः उभे केले. व्यायामाच्या इतिहासात हे पान सहसा कोणी उघडीत नाही. ते उघडले पाहिजे. कारण शरीर कमवावे, ही इच्छा तेथे पदकासाठी नव्हती. ताठ उभे राहता यावे, एवढ्यासाठी होती.

आता अमरावतीकडे वळू. १९१४ साली अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी तेथे हनुमान आखाडा काढला आणि त्यातूनच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वाढले. ‘प्रसारक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. जुना उस्ताद आपली विद्या जपून ठेवी. निवडक पठ्ठ्याला देई, आणि एखादा डाव तर त्यालाही न शिकविता मागे राखून ठेवी. वैद्य बंधूंनी उलट केले. त्यांनी उन्हाळ्याच्या सुटीत वर्ग भरविले आणि दूरदूरच्या गावांतून तरुण व शिक्षक येऊन लाठी, लेझीम, मल्लखांब, कुस्ती, आसने, देशी खेळ शिकू लागले. शिकून गेलेला माणूस आपल्या गावी जाऊन शिकवी. एका दिव्याने दुसरा दिवा लावावा, तसा हा प्रकार होता. क्रांतिकारक राजगुरू हेही तरुणपणी या मंडळात शिकावयास आले होते. त्यावरून मंडळाची हवा कशी असेल, याची कल्पना वाचकांनी करावी.

महाराष्ट्रभर त्या वेळी हीच धामधूम चालली होती. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोसारख्या गल्लीतल्या खेळाला नियमांची चौकट दिली. बडोद्यास प्रोफेसर माणिकरावांनी जुम्मादादांच्या व्यायाममंदिराची परंपरा चालविली आणि कवायतीचे हुकूम इंग्रजीतून सोडवून देशी भाषेत बसविले. त्याच बडोद्यास दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांनी ‘व्यायाम ज्ञानकोश’ हाती घेऊन त्याचे दहा खंड पुरे केले. दहा खंड! दंड कसा काढावा येथपासून मल्लखांबाच्या उड्यांपर्यंत सारे चित्रांसह. आज एवढा ग्रंथ कोणी उचलून कपाटातून टेबलावर ठेवला, तरी निम्मा व्यायाम होईल.

१९३६ साली अमरावतीची मंडळी बर्लिनला गेली. ऑलिंपिक सामन्यांच्या निमित्ताने जगभरचे शारीरिक शिक्षणाचे जाणकार तेथे जमले होते. त्यांच्यासमोर या वऱ्हाडी चमूने हुतूतू आणि इतर देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके करून दाखविली. त्याच ऑगस्टमध्ये, १५ तारखेस, ध्यानचंदांच्या संघाने जर्मनीला हॉकीच्या अंतिम सामन्यात ८-१ असे हरविले. आम्हां वऱ्हाडकरांची छाती या आठवणीने फुगते, ती फुगावीच. परंतु इतिहास लिहिणाऱ्याने टाळ्यांच्या पलीकडेही पाहावयाचे असते. ज्या मैदानावर हे सारे घडले, तेथे एका राजवटीने आपल्या देशातील कोवळ्या मुलांची शरीरे रांगेत उभी करून घडविण्याचा कारखाना काढला होता. तीन वर्षांनी, १९३९ साली, ती मुले कोठे गेली हे जगाने पाहिले. शरीर बळकट करणे ही गोष्ट एकटी चांगलीही नाही आणि वाईटही नाही. ते कोणासाठी बळकट करावयाचे, हा प्रश्न तिच्या पाठीशी उभाच असतो. आपल्याकडेही मैदानावर उतरलेली मुले पुढे निरनिराळ्या ध्वजांखाली गेली. ज्याने त्याने त्यांच्या दंडांत आपापले स्वप्न भरले.

आणि आता मी ज्या गोष्टीसाठी एवढा फेरफटका मारला, त्या गोष्टीकडे येतो.

सातारा भागात औंध नावाचे एक चिमुकले संस्थान होते. त्याचे अधिपती भवानराव, ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१), हे मोठे रसिक आणि मोठे हट्टी गृहस्थ. चित्रे काढीत, कीर्तन करीत, चित्ररामायण रंगवीत. १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्याने त्यांनी आपली सत्ता प्रजेच्या हाती देणारी राज्यघटना दिली. ही गोष्ट कोणत्याही राजाच्या हातून सहज होणारी नव्हे. तरुणपणी त्यांना सँडोचे वेड लागले होते. युजेन सँडो हा त्या काळचा जगप्रसिद्ध पिळदार पुरुष. त्याच्या पद्धतीची उपकरणे मागवून महाराजांनी वर्षानुवर्षे मेहनत केली. पुढे मिरजेच्या अधिपतींच्या सांगण्यावरून ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि मग मात्र आयुष्यभर दुसरीकडे गेले नाहीत. सँडोची उपकरणे विकत घ्यावी लागत. नमस्काराला लागते ती एक सतरंजी, आणि तीही नसली तर चालते. गरीब देशाला परवडेल असा व्यायाम हाच, हे त्यांच्या ध्यानी आले.

त्यांनी पुस्तक लिहिले, तक्ते काढले, नमस्कारांचा बोलपट नव्हे पण मूक चित्रपटही करविला, आणि आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार लावून दिले. १९३८ साली लंडनमध्ये लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादित केलेले त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले आणि धुक्याच्या त्या देशात लोक सूर्याला नमस्कार घालू लागले. आज जगभरच्या योगशाळांतून ‘सूर्यनमस्कार’ हा जो रोजचा पाठ झाला आहे, त्याच्या मागे या औंधच्या राजाचा मोठा वाटा आहे.

परंतु मला यात सर्वांत मोलाची वाटते ती वेगळीच गोष्ट. महाराज स्वतः रोज नमस्कार घालीत. राणीसाहेब घालीत. मुले घालीत. राजवाड्यातील पहाट ही सर्व कुटुंबाच्या नमस्कारांनी उजाडे. म्हणजे शाळेला हुकूम सुटला तो आधी घरी पाळून मग सुटला. स्त्रियांनी नमस्कार घालावेत, गृहिणीचे आरोग्य हे घराचे आरोग्य आहे, असे ते आग्रहाने सांगत. आणि तेही अशा काळात, की जेव्हा सुनेने सासऱ्यासमोर मोठ्याने बोलणे हाही व्यायामच समजला गेला असता!

औंधच्या प्रयोगाला दोष नव्हते असे नाही. राजाने सांगितले म्हणून करणे आणि आपल्याला हवे म्हणून करणे यांत अंतर आहे. नमस्काराबरोबर बीजमंत्र म्हणावयाचे. ज्याची उपासना वेगळी त्याने काय करावे, हा प्रश्न तेव्हाही होता आणि पुढेही शाळांच्या दारी पुन्हा पुन्हा आला. पण कुटुंबाने एकत्र व्यायाम करावा, ही कल्पना महाराष्ट्राला पुस्तकातून मिळाली नाही. एका घराने ती स्वतः जगून दाखविली. आजच्या शाळेच्या त्या छापील कागदाची खरी आजी कोण, असे मला कोणी विचारले तर मी औंधकडे बोट दाखवीन.

औंधचा विचार साताऱ्याकडे वाढत होता त्याच सुमारास आमच्या अगदी शेजारी, वर्ध्यास, दुसराच विचार आकार घेत होता. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष गांधीजी. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि ‘नयी तालीम’ जन्मास आली. पुढे सेवाग्रामला आर्यनायकम दांपत्याने ती चालविली. गांधीजींचे म्हणणे असे की, हात आणि डोके यांची ताटातूट हाच आपल्या शिक्षणाचा रोग आहे. मुलाने सूत काढावे, शेतात खपावे, सफाई करावी. त्यातूनच गणित यावे, भूगोल यावा, आणि शरीरही घडावे. तासाची घंटा झाली म्हणून हात वर-खाली करण्यापेक्षा एक वाफा खणणे बरे, असा तो हिशेब.

तालीम हा शब्दच पाहा. अमरावतीला तालीम म्हणजे आखाडा. वर्ध्याला तालीम म्हणजे शिक्षण. एकाच शब्दाच्या या दोन अर्थांच्या मध्ये आमचे कळंब वसले आहे, एका अंगाला अमरावती, दुसऱ्या अंगाला वर्धा. पुढे मोझरीहून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी या दोहोंची गाठ आपल्या परीने मारली. १९५५ च्या ‘ग्रामगीते’त त्यांनी ग्रामआरोग्यासाठी स्वतंत्र अध्यायच दिला. खंजिरीच्या ठेक्यावर आरोग्य सांगणारा असा आचार्य दुसऱ्या प्रांताला मिळाला नसेल.

स्वराज्य आले आणि हा सारा पसारा सरकारच्या हाती गेला. १९५४ साली आझाद हिंद सेनेतील मराठी सेनानी जनरल जगन्नाथराव भोसले यांनी दिल्लीत निर्वासितांच्या मुलांसाठी राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. घरदार सोडून आलेल्या, भेदरलेल्या आणि बेबंद झालेल्या मुलांना एकत्र गाणे, एकत्र चालणे यांतून सावरावयाचे, हा त्यामागचा मूळ हेतू फार चांगला होता. १९५९-६० साली राष्ट्रीय शारीरिक क्षमता मोहीम निघाली. धावणे, उडी, फेक अशा कसोट्या ठरविल्या; वयाप्रमाणे मोजमापे दिली; आणि जो त्या उतरेल त्याला ताऱ्यांचा बिल्ला. आजच्या शाळेच्या आव्हानाची ही सख्खी आत्या म्हणावी. पुढे कुंझरू समितीने या निरनिराळ्या योजनांची भाऊगर्दी पाहून त्या एकत्र करण्याची शिफारस केली आणि १९६५ साली त्यांतून राष्ट्रीय सुदृढता योजना पुढे आली. काही वर्षांनी तीही राज्यांकडे वाटून देण्यात आली आणि मग हळूहळू ‘पी.टी.चा तास’ एवढीच तिची खूण उरली. आणि परीक्षा जवळ आली की तो तास गणिताकडे जावयाचा, हे महाराष्ट्रातील कोणत्याही विद्यार्थ्यास सांगावयास नको.

मी ज्या शाळेत होतो तेथे अशा कसोट्या घेतल्याचे मला आठवते. आमच्या वर्गात एक मुलगा दोन कोसांवरच्या खेड्यातून रोज पायी येई आणि पायी जाई. वेचणीच्या दिवसांत तर पहाटे शेतात जाऊन मग शाळा. कसोटीच्या दिवशी तो धापा टाकीत आला तेव्हा मैदानावरचा फिता गुंडाळून झाला होता. त्याचे नाव यादीत ‘गैरहजर’ असे पडले. गावात राहणाऱ्या, सावलीत वाढलेल्या आम्ही पाच-सहा जणांनी मात्र उड्या मारून शाबासकी मिळविली. त्या मुलाने तक्रार केली नाही. संध्याकाळी तो पुन्हा दोन कोस चालून घरी गेला. वर्गात सर्वांत अधिक चालणारा मुलगा वहीत सर्वांत कमी हललेला ठरला! मोजणीचा हा गुणच आहे की, जे मोजपट्टीच्या पुढ्यात येते तेवढेच तिला दिसते.

आणि मुलींचे काय? त्यांचा इतिहास तर आखाड्याच्या वहीत नाहीच. पण म्हणून त्या हलल्या नव्हत्या असे नव्हे. वऱ्हाडात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत घरोघर भुलाबाई बसते. तिच्यापुढे टिपऱ्यांच्या ठेक्यावर गाणी म्हणणाऱ्या मुली पाहिल्या, की याला व्यायाम म्हणावा की पूजा, असा संभ्रम पडतो. मंगळागौरीच्या रात्री झिम्मा, फुगड्या, पिंगा घालणाऱ्या सासुरवाशिणी जे करतात, ते तालमीतल्या पठ्ठ्यास दोन घटका करून दाखवा म्हणावे. माझी आई पहाटे जात्यावर बसे. तिला कोणी बिल्ला दिला नाही, आणि ‘आज तुमची साठ मिनिटे झाली काय?’ असेही विचारले नाही. राबणे आणि खेळणे या दोहोंत मात्र फरक आहे. राबून शरीर झिजते, खेळून ते उमलते. तिच्या वाट्याला राबणे रोज होते आणि खेळणे वर्षातून एक रात्र.

हा फरक आज अधिकच ठळक झाला आहे. जाते गेले, पाटा गेला, आमच्या गावी आता फटफटीवरून शाळेत जाणारी मुले आहेत. २८ फेब्रुवारी २०२४ पासून वर्ध्याची आगगाडीही कळंबपर्यंत आली. कष्ट कमी झाले याचा कोणाला खेद व्हावा? परंतु कष्ट गेले आणि त्यांच्या जागी खेळ आला नाही. तेथे खुर्ची आणि हातातला पडदा आला. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की, पाच ते सतरा वर्षांच्या मुलाने रोज सरासरी साठ मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार भारतातील प्रौढांपैकी जवळजवळ निम्मे लोक पुरेशी हालचाल करीत नाहीत. आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून पुष्कळ अधिक आहे. जात्यावर बसणाऱ्या आईच्या मुलीचीच ही गोष्ट आहे. तिचे राबणे संपले नाही, केवळ त्यातले अंग हलणे गेले. आणि खेळणे तर तिला कोणी दिलेच नव्हते.

कायद्याने काय दिले तेही पाहू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला मैदान आणि खेळाचे साहित्य असावे, असे लिहिले आहे. ही मोठीच गोष्ट. पण शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक द्यावयाचा, तो सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभरांहून अधिक मुले असतील तेथे. आता तालुक्याच्या गावी शंभर मुले सहज भरतील. परंतु माझ्या त्या वर्गमित्राच्या खेड्यासारख्या खेड्यांचे काय? तेथील शाळेत तीस-चाळीस मुले असावयाची. फिता अजूनही त्याच्या येण्यापूर्वीच गुंडाळला जातो आहे.

आणि म्हणून शाळेचा तो कागद मला टाकाऊ वाटत नाही. जेथे शिक्षक पोहोचत नाही तेथे घर पोहोचू शकते, हे त्या कागदाने ओळखले आहे. मात्र शंभर वर्षांचा हा इतिहास त्याला दोन-तीन गोष्टी सांगू पाहतो. पहिली अशी की, जे हुकमावर उभे राहिले ते हुकमाबरोबर गेले, आणि जे आवडीवर उभे राहिले ते टिकले. बिल्ले आणि योजना आज कोणाच्या स्मरणातही नाहीत. पण ज्या हुतूतूची प्रात्यक्षिके अमरावतीकरांनी बर्लिनला केली, तो कबड्डी या नावाने १९९० साली बीजिंगच्या आशियाई सामन्यांत दाखल झाला. जो खो-खो आमच्या गल्ल्यांतून धावत होता, त्याची पहिली विश्वचषक स्पर्धा जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस झाली. भारताच्या पुरुषांनी आणि स्त्रियांनी, दोघांनीही तो चषक जिंकला. स्त्रियांच्या संघाची कर्णधार महाराष्ट्राची प्रियंका इंगळे आणि पुरुषांच्या संघाचा कर्णधार महाराष्ट्राचाच प्रतीक वाईकर. आखाड्याच्या वहीत जिचे नाव नव्हते तिच्या हाती चषक आला, हे पाहावयास माझी आई असावयास हवी होती.

दुसरी गोष्ट अशी की, मोजणी नेहमी थोडी आंधळी असते. कागद भरताना जो मुलगा शेतातून चालत आला आहे, जी मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन पाणी भरते आहे, तिचीही नोंद घेणारा एखादा रकाना त्यात असावा. आणि तिला पुन्हा उड्या मारावयास लावण्याऐवजी अर्धा तास नुसते खेळावयास सोडावे. तिला व्यायाम कमी पडत नाही, तिला खेळ कमी पडतो.

तिसरी गोष्ट औंधची. शेवटच्या रकान्यात पालकाची सही असते. सही करावयास दोन क्षण लागतात. आणि पुष्कळ घरांत आठवड्याच्या सह्या रविवारी रात्री एकदम होतात, हे शिक्षकही जाणतात आणि मुले त्याहून अधिक जाणतात. औंधच्या महाराजांनी प्रजेच्या कागदावर नुसती सही केली असती, तर त्यांचे नाव आज कोणी घेतले नसते. ते स्वतः सतरंजीवर उतरले, म्हणून त्यांची मुले उतरली. मुलाला बापाची सही नको असते, त्याला बापाचा गडी म्हणून उपयोग असतो.

आमच्या वऱ्हाडात आट्यापाट्यांचा खेळ अजून जिवंत आहे. त्याला चेंडू लागत नाही, बॅट लागत नाही, बिल्ला लागत नाही. राख घ्यावी, अंगणात किंवा मोकळ्या वावरात पाट्या आखाव्यात, आणि घरातील लहानथोर, मुली आणि सुना, आजोबा आणि नातू यांनी दोन बाजूंना वाटून घ्यावे. कोणी कोणाला अडवावे, कोणी निसटावे, कोणी पडावे, साऱ्यांनी हसावे. दिवाळीच्या सुटीत घरी माणसे असतात, संध्याकाळी ऊन उतरलेले असते, आणि चुलीत किंवा शेजाऱ्याच्या बंबात राख असतेच. पाट्या आखावयास फार तर दहा मिनिटे लागतात.